जुना बँडसॉ घेताय? आधी बीड तपासा

बँडसॉ म्हणजे वर-खाली दोन चाकांवर फिरणाऱ्या दातेरी पोलादी पट्ट्याने लाकूड चिरणारं मशीन. रंग आणि गंज बघून भाव पाडायला हरकत नाही, पण निर्णय बिडावर, म्हणजे ओतीव लोखंडावर घ्या. फ्रेम आणि चाकांच्या आऱ्यांवर हलकेच हातोडी मारून ऐका. खणखणीत वाजलं तर ठीक, बद्द वाजलं तर तडा शोधा. चाकाला तडा असेल तर फुकट दिला तरी नको. बिडाचं वेल्डिंग फिरत्या चाकावर कुणाच्या भरवशावर सोडणार? बेअरिंग, चाकांवरचं रबर, पट्टा यांची चिंता नको, ते बदलता येतात. मोटरची नेमप्लेट मात्र वाचा. 415 व्होल्ट डेल्टा (थ्री फेज जोडणी) असेल तर घरच्या सिंगल फेजवर साध्या व्हीएफडीने (मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हने) ती पूर्ण ताकदीने चालणार नाही.

वाहतुकीत घाई नडते. या मशीनचा भार वरच्या अंगाला असतो, म्हणून वरचं चाक आणि टेबल आधी उतरवा. हायड्रा क्रेन बोलवा, उचलायचा पट्टा फ्रेमलाच बांधायचा, चाकाच्या शाफ्टला कधीच नाही. चार माणसं ‘उचलू की’ म्हणतील. त्यांना चहा पाजा आणि बाजूला उभं करा.

दुरुस्तीत नवं रबर चिकटवल्यावर घासून त्याला मधला उंचवटा नीट द्या, पट्टा त्यावरच टिकतो. पट्ट्याला मागून आधार देणारं गाइड बेअरिंग रिकाम्या चालीत त्याला टेकता कामा नये. आणि पट्टा चढवण्याआधी मोटर कुठल्या दिशेने फिरते ते बघा. फेज उलटे लागले तर पट्टा खालून वर पळेल.

लाकूड चिरायचा धंदा करणार असाल तर आधी वनखात्याच्या कार्यालयात परवान्याचं विचारून या.