रेशमी कार्डावर तिकीट नाही, मग ते नकली का?

प्रश्न: ताई नमस्कार, महूला जुनं सामान विकणाऱ्याकडे मला एक पोस्टकार्ड मिळालं, जाळीदार रेशमावर रंगीत फुलं आणि इंग्लिशमधे ‘टू माय डिअर स्वीटहार्ट’ असं भरलेलं. मागे पेन्सिलनं दोनच ओळी, मी बरा आहे, तुझी आठवण येते, बस. तिकीट नाही, शिक्का नाही. मुलगा म्हणतो नकली आहे. जरा मळलंय, धुऊन लॅमिनेट करू का?
– एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर: अहो धुऊ नका आणि लॅमिनेट तर अजिबातच नको! तिकीट नाही म्हणून ते नकली ठरत नाही. पहिल्या महायुद्धात, 1914 ते 1918, फ्रान्स-बेल्जियममधे अशी कार्डं खूप बनायची, लांब रेशमी पट्टीवर तेच डिझाइन पुन्हा पुन्हा भरायचं, मग कापून पुठ्ठ्यावर चिकटवायचं, आणि ब्रिटिश सैनिक ती विकत घेऊन घरी पाठवायचे. रेशीम नाजूक, त्यामुळे बरीचशी कार्डं पत्रासोबत पाकिटातूनच जायची, मग त्यांच्यावर शिक्का येणार कुठून? शिवाय आघाडीवरून सैनिकांच्या पत्रांना तिकीट लागतच नव्हतं.

आणि दोनच ओळी का, तर सैनिकानं प्रेयसीला लिहिलेलं पत्र तिच्याआधी त्याचाच ऑफिसर वाचायचा, सेन्सॉर म्हणून. रोज ज्याच्या हाताखाली राहायचं त्याच्यासमोर मनातलं किती लिहिणार हो? मला तर वाटतं म्हणूनच तो असं कार्ड घेत असेल, जे स्वतःच्या अक्षरात लिहायला लाजायचा ते आधीच भरून मिळायचं. दुसरं एक सरकारी कार्ड होतं, ‘मी ठीक आहे’, ‘हॉस्पिटलात आहे’ अशी छापील वाक्यं, नको ती खोडायची आणि तारीख-सही करायची, त्याहून एक शब्द जास्त लिहिला तर कार्ड नष्ट. त्याच्यापुढे तुमच्या दोन ओळी म्हणजे भरपूरच.

महू 1818 पासूनची छावणी, गोऱ्या सैनिकांची कुटुंबं तिथे राहायची, त्यांच्यापैकी कुणाचं तरी असेल.

ॲसिड-फ्री कागदात गुंडाळून उन्हापासून लांब, कोरड्या जागी ठेवा, पेन्सिलीवर रबर फिरवू नका. आणि एक करा, काही कार्डांत रेशमाचाच खिसा असतो, त्यात बोटाएवढी चिठ्ठी. फुलांखालची कड हलक्या हातानं बघा, सुटी असेल तर आत काय आहे ते मला नक्की कळवा.