रोलर कोस्टरमधला तुमचा सर्वांत आवडता भाग कोणता, आणि त्यात थरार नेमका कशामुळे येतो?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय, "लूप सोडून सांगा, ते तर सगळेच सांगतात." सोडायची गरजच नाही, कारण लूप (गाडी उभ्या वळशात फिरून उलटी होते तो भाग) माझ्या यादीत मुळात नाही. माझा आवडता भाग म्हणजे मोठा उतार आणि लूप होऊन गेल्यावर येणारा एक बुटका उंचवटा. खालून बघणाऱ्याच्या तो लक्षातही येत नाही.

हे मला शिकवलं माझ्या अकरा वर्षांच्या भाच्याने. मी चाळिशी ओलांडल्यावर पहिल्यांदा कोस्टरमध्ये बसले. रांगेत उभी होते तेव्हा माझी नजर लूपवरून हलत नव्हती. भाचा म्हणाला, "मावशी, लूपमध्ये काही होत नाही गं. त्याच्या पुढे बघ." मी लूपला डोळे गच्च मिटले, दात आवळले, आणि खरंच काही झालं नाही. कुणीतरी खांद्यावर हात ठेवून सीटमध्ये दाबून बसवल्यासारखं वाटलं, एवढंच. संपलं एकदाचं म्हणून डोळे उघडले, श्वास सोडला, आणि तेवढ्यात गाडी त्या उंचवट्यावर चढली. सीट खालून निघून गेली! मांड्या लॅप बारवर, म्हणजे मांडीवर अडकवलेल्या दांडीवर, आदळल्या, पावलं तळापासून सुटली, ओढणीचं टोक नाकासमोर तरंगत आलं. (ती आधीच काढून ठेवायला हवी होती. कोस्टरवर गळ्याभोवती काहीही सैल नको, हे मला तेव्हा कुणी बजावलं नव्हतं.) एक किंकाळी ऐकू आली. ती माझीच होती हे खाली उतरल्यावर भाच्याने सांगितलं.

कोस्टरवेडे लोक याला एअरटाइम म्हणतात. आपल्याला आपलं वजन जाणवतं ते पृथ्वी ओढते म्हणून नाही, तर खालची खुर्ची आपल्याला वर ढकलत असते म्हणून. आता चेंडू तिरका फेकला की तो जशी कमान करून खाली येतो, ती कमान डोळ्यांसमोर आणा. उंचवट्यावरचा रूळ बरोबर त्याच कमानीत वाकवला, तर त्या वेगाने आलेली गाडी आणि तुम्ही दोघंही फेकलेल्या चेंडूसारखे जात असता. सीटला तुम्हाला ढकलायचं कारणच उरत नाही. वजन शून्य. पोटातली आतडी एरवी आपल्याच भाराने खाली टेकलेली असतात, ती क्षणभर सैल होतात. पोटात गोळा येतो म्हणतो ना आपण, तो तिथे शब्दशः येतो. कानाच्या आत जेलीसारख्या थरावर बारीक खडे असतात, खाली कुठे आणि वर कुठे हे मेंदूला त्यांच्याकडून कळतं. तेही त्याच वेळी भलताच निरोप धाडतात. डोळे सांगतात रूळ समोर आहे, कान सांगतो आपण पडतोय.

रूळ त्या कमानीपेक्षाही जास्त तीव्र वाकवला की गाडी तुमच्या आधी खाली जाते आणि तुम्ही बारला लटकता. पहिल्या प्रकाराला फ्लोटर म्हणतात, दुसऱ्याला इजेक्टर. फ्लोटरमध्ये माणूस हसतो, इजेक्टरमध्ये शिव्या देतो. मला दोन्ही आवडतात, पण निवडायलाच लावलंत तर इजेक्टर. अमेरिकेत ओहायोतल्या सीडर पॉइंट पार्कमध्ये 2018 साली सुरू झालेल्या स्टील व्हेंजन्स या कोस्टरची ख्याती याच कारणासाठी आहे. लाकडी सांगाड्यावर पोलादी रूळ टाकलेत, आणि सीटवरून उचलले जाण्याचे सगळे क्षण एकत्र केले तर सुमारे 27 सेकंद भरतात. ऐकायला थोडे वाटतात. मोबाईलवर 27 सेकंद लावा आणि तेवढा वेळ खुर्चीला न टेकता काढायची कल्पना करून बघा.

मग माणूस उचलला जातो तशी गाडी का उचलली जात नाही? कारण तिला चाकांचे तीन संच असतात. एक रुळाच्या वर, एक बाजूला आणि एक खालून रुळाला पकडून. ही खालची चाकं म्हणजे जॉन मिलर या अमेरिकी माणसाचं काम, त्याचं पेटंट 1919 चं. त्याआधी उंचवटे जपूनच बांधावे लागत, नाहीतर गाडीने रूळ सोडला असता. माझ्या मते कोस्टरच्या इतिहासातला हाच सर्वांत मोठा शोध, आणि तो दिसतो सर्वांत कमी.

आता लूपवर अन्याय नको. लूप निरुपद्रवी वाटतो, कारण त्याला तसं बनवायला माणसांनी मान मोडून घेतली आहे. 1895 मध्ये न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर फ्लिप फ्लॅप नावाचा कोस्टर होता. त्याचा लूप कंपासने काढावा तसा गोल. गोल लूपची अडचण अशी की शेंड्यावरून गाडी जेमतेम पार व्हावी एवढाच वेग ठेवला, तरी तळाशी माणसावर त्याच्या वजनाच्या सहापट भार येतो. माझं वजन 60 किलो धरा (धरा म्हटलंय), तर 360 किलोचं ओझं, आणि तेही सपाट रुळावरून वर्तुळात शिरताना एका झटक्यात. लोकांच्या माना दुखावल्या आणि तो फार काळ चालला नाही. पुढे 1976 मध्ये कॅलिफोर्नियाच्या मॅजिक माउंटन पार्कमध्ये रिव्होल्यूशन नावाचा कोस्टर आला. त्यात वेर्नर श्टेंगेल या जर्मन अभियंत्याने लूपला पाण्याच्या थेंबासारखा आकार दिला. खाली वळण ऐसपैस, वर अरुंद. वेग जास्त असतो तिथे वळण सौम्य, वेग कमी होतो तिथे घट्ट. त्यामुळे उलटे असतानाही तुम्ही सीटला टेकलेलेच राहता. लूप बघायला जेवढा भयानक असतो तेवढा बसायला नसतो तो यामुळे. उंचवट्याचं अगदी उलट आहे.

दुसरी आवडती गोष्ट, टक् टक् टक्. साखळीवरून गाडी वर चढताना येणारा आवाज. पुष्कळांना वाटतं तो साखळीचा. तो असतो गाडीखालच्या एका लोखंडी खिट्टीचा. रुळाला लागून दाते असतात, त्यांवरून ती खिट्टी घसरत जाते आणि प्रत्येक दात ओलांडला की खाली पडते. साखळी तुटली तरी गाडी मागे जाऊ नये म्हणून ती सोय. म्हणजे सगळ्यांच्या छातीत धडकी भरवणारा तो आवाज खरं तर "मी धरलंय, काळजी करू नका" असं सांगत असतो. हे कळल्यावर माझी भीती कमी होईल असं वाटलं होतं. झाली नाही. पुढच्या वेळी मी टक् टक् मोजायला लागले आणि ते आणखी वाईट निघालं.

त्या चढणीवर जेवढी उंची मिळते तेवढंच भांडवल. पुढे गाडीला इंजिन नाही. घर्षण सोडून हिशेब केला तर 60 मीटर खाली आल्यावर वेग ताशी 120 किलोमीटरच्या वर जातो, आणि पुढचे उंचवटे, वळणं, लूप सगळं त्यातच भागवायचं. म्हणून पहिला उतार सर्वांत मोठा असतो.

त्या उताराच्या काठावर थांबवणं ही मात्र शुद्ध दुष्टाई. इंग्लंडच्या ऑल्टन टॉवर्स पार्कमध्ये झाडांच्या शेंड्यांपेक्षा उंच बांधायला परवानगी नाही. तिथल्यांनी मग खाली खणायला घेतलं. 1994 चा नेमेसिस कोस्टर खडकात खणलेल्या खाईतून जातो, आणि 1998 चा ऑब्लिव्हिअन तर काठावर गाडी दोनचार सेकंद तशीच लटकवून ठेवतो आणि मग जवळजवळ उभी एका काळ्या भोकात सोडतो. भोकाचा तळ वरून दिसत नाही. परवानगी मिळाली असती तर त्यांनी उंच मनोरा बांधला असता आणि ते भोक कुणाला सुचलंही नसतं. पडण्यापेक्षा आता पडणार हे जास्त छळतं, लहानपणी इंजेक्शनच्या रांगेत उभं राहिलेल्या कुणालाही हे ठाऊक आहे.

नुसत्या वेगाचं मला फारसं कौतुक नाही. अबू धाबीचा फॉर्म्युला रोसा ताशी 240 किलोमीटर गाठतो, बसणाऱ्यांना डोळ्यांवर गॉगल लावावे लागतात. न्यू जर्सीचा किंगडा का 139 मीटर उंच होता, 2024 मध्ये बंद झाला आणि पुढच्या वर्षी पाडलाही. हे आकडे सांगायला छान. पण अंगाला वेग कळतच नाही, वेगातला बदल कळतो. किंगडा कामध्ये साखळी नव्हती, गाडी खालूनच जोराने ढकलून वर सोडायचे, त्यामुळे कधीकधी ती शेंड्यापर्यंत न पोचता आली तशी मागे घसरायची आणि खालचे ब्रेक तिला अलगद थांबवायचे. वेडे लोक नेमकं तेच आपल्या वाट्याला यावं म्हणून देव पाण्यात ठेवून बसायचे, यावरून काय ते समजा. उलट फ्लोरिडाचा स्पेस माउंटन 1975 पासून जेमतेम ताशी 45 किलोमीटरने धावतोय, तरी लोक किंचाळतात, कारण आत अंधार. वळण कुठल्या बाजूला येणार हे कळत नसेल तर मान आणि कंबर आधीपासून सावरता येत नाही. डोक्यावरून तुळया सपकन जातात तेव्हाही तेच होतं. हात वर केलेल्या माणसापासूनही त्या पुरेशा लांब ठेवलेल्या असतात. हे मला पक्कं माहीत आहे, तरी मी दर वेळी मान खाली घालते.

शेवटी तुम्ही विचारलंय, पुढे बसू की मागे. पुढे दृश्य छान आणि वारा तोंडावर. पण उताराच्या माथ्यावर पुढचा डबा अर्धा खाली लोंबकळत थांबतो, कारण मागचे डबे अजून चढत असतात. अर्ध्याहून जास्त गाडी माथा ओलांडते तेव्हा ती खरी सुटते, आणि शेवटचा डबा माथ्यावर येईपर्यंत चांगला वेग धरलेला असतो. त्यामुळे शेवटच्या रांगेतल्या माणसाला अक्षरशः खेचून काठावरून खाली ओढलं जातं. म्हणून मी आता मागेच बसते. शेवटच्या रांगेसाठी वेगळी ओळ असेल तर दहा मिनिटं जास्त थांबते, भाचा कुरकुरला तरी.

पहिल्यांदाच जात असाल तर चष्मा, टोपी, ओढणी खाली ठेवून जा, लूपमध्ये डोकं मागे टेकवा, आणि लूप संपल्यावर लगेच श्वास सोडू नका.