सिंथेटिक सिस्मिकशी जुळत नसेल तर ताणून बसवावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नवी मुंबईतल्या एका ऑफिसात एमएस्सीचा प्रोजेक्ट चालू आहे, समुद्रातल्या एका तेलविहिरीचे लॉग (विहिरीत टूल सोडून खोलीनुसार घेतलेली खडकांची मापं) आणि ३डी सिस्मिक (लहरी खाली सोडून त्यांच्या प्रतिध्वनींवरून मिळवलेला डेटा) दिलंय, लॉगवरून सिंथेटिक (तिथे सिस्मिक कसं दिसायला हवं त्याचा अंदाज) बनवलं तर दोन्हींचं कोरिलेशन (जुळणी, १ म्हणजे पूर्ण) ०.३५ येतंय, आणि शेजारच्या टेबलावरचे सांगतात, "स्ट्रेच-स्क्वीझ मार, ०.८ होईल." म्हणजे जुळेपर्यंत सिंथेटिक कुठे ताणा, कुठे दाबा. तर मारावं का?

नका मारू. निदान इतक्यात तरी नको. मी बेलापूरला याच कामात आहे आणि हा सल्ला अनेक नव्या मुलांना मिळताना ऐकलाय. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ठाणे-वाशी ट्रान्सहार्बरवर एकाने सगळी स्टेशनं किलोमीटरमध्ये लिहून ठेवली आणि दुसऱ्याने मिनिटांत, तर दोन्ही याद्या जुळवायला मधल्या प्रत्येक टप्प्यातला गाडीचा वेग लागेल. लॉग मीटरमध्ये असतात, सिस्मिक मिलिसेकंदांत, तेही जाऊन-येऊन. वेल टाय म्हणजे खडकांतला हा वेग शोधणं. तुम्ही सिंथेटिक ताणता तेव्हा खडकाचा वेगच बदलत असता, आणि सॉफ्टवेअर त्याबद्दल चकार शब्द काढत नाही.

आकडे घालून बघा. सोनिक लॉगवर (लहरीचा वेग मोजणारा लॉग) शेलचा (चिखलापासून बनलेला खडक) डीटी, म्हणजे लहरीला एक फूट जायला लागणारा वेळ, ११० मायक्रोसेकंद आहे. ३,०४,८०० ला ११० ने भागलं की वेग येतो सेकंदाला २,७७१ मीटर. शेलचा थर १२० मीटर जाड असेल तर लहरीला जाऊन-येऊन ८७ मिलिसेकंद लागतील. आता खालचं पीक (लहरीचं टोक) जुळावं म्हणून तुम्ही ते २० मिलिसेकंदांनी दाबलंत. उरले ६७, म्हणजे वेग झाला जवळपास ३,६००. तो आता तो शेल राहिलाच नाही! टायनंतरचा इंटरव्हल व्हेलॉसिटीचा (टप्प्याटप्प्यातल्या वेगाचा) आलेख मूळ सोनिकवर टाकून बघायची सवय लावा, असले प्रकार तिथे लगेच उघडे पडतात.

मग आधी काय तपासायचं? माझ्या मते सगळ्यात आधी शून्य. लॉगमधली खोली रिगवरच्या केली बुशिंगपासून (रिगच्या मजल्यावरचा एक भाग) मोजलेली असते आणि समुद्रातल्या सिस्मिकचा शून्य समुद्रसपाटीला असतो. केली बुशिंग ३० मीटर उंचीवर आहे आणि ते वजा करायचं राहिलं, तर २,५०० च्या वेगाने २४ मिलिसेकंदांचा फरक पडतो. ३० हर्ट्झच्या डेटात एक अख्खी लूप (लहरीचं एक आवर्तन) ३३ मिलिसेकंदांची. म्हणजे पाऊण लूप सरकली, आणि तुम्ही शेजारच्याच पीकला गाठ मारून मोकळे. यातली भीती अशी की कोरिलेशन तिथेही बरं दिसू शकतं. प्लॅटफॉर्मवरून खोदलेल्या विहिरी बहुतेक तिरक्या असतात, त्यामुळे खोली उभी धरली आहे की विहिरीच्या वाटेने मोजलेली, हेही बघा. ट्रेससुद्धा (एकेका जागेची सिस्मिक नोंद) त्या वाटेवरचे घ्यायचे, विहिरीच्या तोंडापाशी असलेला एकच ट्रेस नाही.

नंतर लॉगची तब्येत. हा भाग सगळे घाईत उरकतात आणि खरी गोम बहुतेक वेळा इथेच असते. एका विहिरीत साडेआठ इंची बिटने खोदलेल्या भागात कॅलिपर (भोकाचा व्यास मोजणारा लॉग) चौदाच्या वर गेलेला मी पाहिलाय. शेल ढासळून भोक फुगलं होतं, डेन्सिटीच्या टूलला भिंत लागतच नव्हती, आणि लॉगवर १.९ सारखे आकडे उमटले होते. खडक बदललेला नव्हता, टूल चिखल वाचत होतं. पण सिंथेटिकला ते कुठून कळणार? त्याने तिथे ठळक रिफ्लेक्शन काढून दाखवलं, सिस्मिकमध्ये त्याचा मागमूसही नव्हता. अशा जागी डेन्सिटी दुरुस्त करा, आसपासच्या चांगल्या भागातून वेग आणि घनतेचं नातं काढून. सोनिकवर मध्येच सुईसारखी टोकं दिसली तर तिथे बहुधा सायकल स्किपिंग (टूलने लहरीचा पहिला ठोका चुकवणं) असतं, ती टोकंही काढा. हे सगळं सिंथेटिक बनवण्याआधी.

लॉग साफ झाल्यावर चेकशॉट किंवा व्हीएसपी आहे का विचारा. वर पाण्यात एअरगन उडवायची, विहिरीत ठराविक खोलीवर जिओफोन (लहर टिपणारं यंत्र), आणि लहर पोचायला लागलेला वेळ थेट मोजायचा. सोनिक टूल हजारो हर्ट्झवर चालतं, सिस्मिक साधारण १० ते ८० वर, आणि जास्त फ्रिक्वेन्सीची लहर खडकातून किंचित वेगाने जाते. म्हणून नुसतं सोनिक जोडत खाली गेलात की वेळ सहसा कमी भरतो. हा फरक, म्हणजे ड्रिफ्ट, चेकशॉटने काढायचा, पण हळूहळू, लिथॉलॉजी (खडकाचा प्रकार) बदलते तिथेच वळण देऊन. प्रत्येक चेकशॉटपाशी वळण दिलंत तर वेगाच्या आलेखात खोट्या पायऱ्या पडतात आणि त्यातून खोटी रिफ्लेक्शन्स येतात.

पोलॅरिटीबद्दल (खडक कठीण होतो तिथे पीक दिसतं की खड्डा) कोणाच्या तोंडी शब्दावर जाऊ नका. समुद्रतळ बघून ठरवा असं पुस्तकात असतं, पण मुंबई हायसारख्या ठिकाणी पाणी ७५ मीटरच्या आसपास, म्हणजे तळ १०० मिलिसेकंदांवर, आणि तिथला डेटा बऱ्याचदा म्यूटमध्येच (प्रोसेसिंगमध्ये कापलेल्या भागात) गेलेला असतो. त्यापेक्षा शेलखाली जाड चुनखडी लागते ती जागा घ्या. चुनखडीचा डीटी ८० म्हणजे वेग ३,८१०, डेन्सिटी दोन्हीकडे २.३५ धरली तरी रिफ्लेक्शन कोइफिशियंट (लहरीचा किती अंश परत फिरतो) ०.१६ येतो. इतका मोठा बदल लपत नाही. १९७४ साली सागर सम्राट या रिगने जिथे तेल शोधलं तिथला मुख्य साठा अशाच मायोसीन चुनखडीत आहे. त्यामुळे आपल्याकडच्या डेटात हा खुंटा सहसा मिळतो. आणखी खाली विहीर गेली असेल तर दख्खनचा बेसाल्ट. पारसिकचा डोंगर ज्याचा आहे तोच खडक मुंबईच्या समुद्राच्या बऱ्याच भागात गाळाच्या थरांखाली पडलाय, हा विचार मला आजही भारी वाटतो. मात्र त्याचा माथा झिजलेला असेल तर वेग हळूहळू वाढतो आणि रिफ्लेक्शन अपेक्षेइतकं करकरीत येत नाही.

वेव्हलेट (सिंथेटिक बनवायला वापरायच्या लहरीचा आकार) सुरुवातीला साधी ठेवा, सिस्मिकमधूनच काढलेली, झीरो फेज (मध्याभोवती दोन्हीकडे सारखी). मोठे मार्कर (ओळखीच्या थरांच्या खुणा) जागेवर बसले की मग विहिरीवरून काढा. ती फार लांब घेऊ नका. लांब वेव्हलेट आणि आखूड विंडो (तुलनेसाठी घेतलेला तुकडा) घेतली की कोरिलेशन कशाशीही ०.९ देतं, आणि त्याला काही अर्थ नसतो.

या सगळ्यानंतर पूर्ण विहीर मिळून एकच शिफ्ट द्या. तरी एखाद्या टप्प्यात चार-पाच मिलिसेकंद कमी-जास्त करावे लागले तर करा, पण का केले ते वहीत लिहा. "इथे सोनिक खराब होतं" हे कारण चालतं, "पीक जुळत नव्हतं" हे नाही. आणि तुमचं कोरिलेशन शेवटी ०.६ वर थांबलं तर घाबरू नका. उथळ पाण्यात मल्टिपल्स (पुन्हा पुन्हा उसळून आलेले प्रतिध्वनी) असतात, ते तुमच्या सिंथेटिकमध्ये नाहीत. मायग्रेशनमुळे (प्रतिध्वनी मूळ जागी नेण्याची प्रोसेसिंग) खरी जागा दोन-चार ट्रेस बाजूलाही असू शकते, तेवढं आजूबाजूला फिरून बघा. शिवाय ३,००० च्या वेगाला ३० हर्ट्झची लहर १०० मीटर लांब, म्हणजे २५ मीटरपेक्षा पातळ थराचा माथा आणि तळ वेगळे दिसणारच नाहीत. लॉगवर दिसणारी प्रत्येक पाच मीटरची पट्टी सिस्मिकमध्ये शोधत बसू नका.

टाय खरा आहे का हे मी एकाच गोष्टीवरून ठरवतो. या विहिरीवर काढलेली वेव्हलेट, काहीही न बदलता, त्याच सिस्मिकमधल्या शेजारच्या विहिरीवर लावा. तिथे मार्कर आपसूक जागेवर आले तर ०.६ सुद्धा गाइडसमोर निर्धास्त ठेवा. नाही आले तर पहिल्या विहिरीच्या केली बुशिंगपासून पुन्हा तपासा.