तेल तापतं, मग पाण्याचा पंप कशाला?

प्रश्न : सर, शिरोली एमआयडीसीत आमचं छोटं वर्कशॉप आहे. हायड्रॉलिक प्रेसचं ६८ नंबरचं तेल एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर ६५ अंशांवर जातं. कूलरमध्ये १० मिमीच्या, मीटरभर लांब नळ्यांतून तेल जातं, बाहेरून पाणी. क्षार काढून झाला. पाण्याचा दुप्पट ताकदीचा पंप बसवू का?

उत्तर : पंपाचे पैसे आत्ता घालवू नका. आधी कूलरला येणाऱ्या आणि जाणाऱ्या पाण्याचं तापमान मोजा. फरक दोन-तीन अंशांचाच असेल, तर पाणी भरपूर आहे. अडलंय ते तेलाच्या बाजूला.

नळीत तेलाचा वेग सेकंदाला एक मीटर धरला, तर ६० अंशांना रेनॉल्ड्स अंक (प्रवाह कितपत घुसळला जाईल ते सांगणारा आकडा) जेमतेम ३००-३५० येतो. २३०० च्या खाली प्रवाह घुसळला जात नाही, थर एकमेकांवरून नुसते सरकतात. भिंतीलगतचं तेल गार होतं, गार झालं की घट्ट होतं आणि तिथंच रेंगाळतं. मधलं गरम तेल भिंतीला न शिवताच बाहेर पडतं. त्यात तेलाची उष्णतावाहकता पाण्याच्या पाचव्या हिश्श्याएवढी. म्हणजे भिंतीलगतचा हा थर (सीमास्तर) नळीला आतून घातलेली गोधडीच.

तुमच्या मापांवरून तेलाच्या बाजूचा उष्णता-संक्रमण गुणांक, म्हणजे भिंतीतून उष्णता किती सहज जाते त्याचं माप, चौरस मीटरला, दर अंशाला सुमारे २५० वॅट निघतो. पाण्याच्या बाजूला तो ३००० च्या घरात सहज असतो. पाण्याचा वेग दुप्पट केलात तरी एकूण गुणांक तीन-चार टक्केच वाढेल. तेलाचा वेग दुप्पट केलात तर त्या बाजूचा गुणांक फार तर सव्वापट.

त्यापेक्षा नळीत पीळ दिलेली पट्टी घाला. बॉयलरच्या धूरनळ्यांत ही युक्ती एकोणिसाव्या शतकापासून वापरात आहे. अर्धा मिमी जाडीची, साडेनऊ मिमी रुंदीची स्टेनलेस पट्टी घ्या. एक टोक लेथच्या चकमध्ये, दुसरं ताणून धरलेलं. चक हातानंच फिरवा, मशीन चालू करू नका. दर ४० मिमीला अर्धा वेढा पुरे. कडांची बर (कापताना राहिलेली धारदार कोर) नीट काढा, पट्टी धुवा आणि टोकाला पक्की अडकवा. सैल पट्टी थरथरते, नळी घासते आणि तो कीस थेट व्हॉल्व्हमध्ये जातो. तेल गिरक्या घेत जाऊ लागलं की मधलं गरम तेल भिंतीकडे फेकलं जातं. तेलाच्या बाजूचा गुणांक दुप्पट होणं यात अवघड नाही.

किंमत दाबात मोजावी लागते: कूलरमधली दाबातली घट किमान तिप्पट होते. थंडीतल्या सकाळी २० अंशांचं तेल ६० अंशांच्या तेलापेक्षा सहा-सातपट घट्ट असतं, तेव्हा ही घट आणखी तितक्याच पटीनं वाढते. म्हणून कूलरला समांतर बायपास व्हॉल्व्ह (दाब वाढला की तेलाला कूलर टाळून जाऊ देणारी झडप) हवाच. तो नसेल तर आधी तो बसवा, मगच पट्ट्या घाला.