स्कूबाचा सेट: सगळीकडे एकच भाव, मग घासाघीस कुठे करायची?

प्रश्न: आम्ही नवराबायको ह्यूस्टनला राहतो, दोघंही एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर. मागच्या हिवाळ्यात मेक्सिकोतल्या कोझुमेलला स्कूबाचा कोर्स केला. आता दोघांसाठी रेग्युलेटर (सिलिंडरमधली हवा तोंडाशी आणणारं उपकरण), बीसीडी (पाण्यात वर-खाली होणं सांभाळणारं हवेचं जाकीट) आणि डाइव्ह कॉम्प्युटर (खोली आणि वेळ मोजणारं यंत्र) घ्यायचे आहेत. जवळचं डाइव्ह शॉप सगळ्याचे ४,२०० डॉलर सांगतंय. ऑनलाइन बघावं तर त्याच मॉडेलचा भाव सगळीकडे सेंटसकट तोच. एका साइटवर मात्र दोन रेग्युलेटरमागे ५२० डॉलर कमी आहेत, पण कंपनीची वॉरंटी नाही. तिथून घ्यावं का? पैसे २४ टक्क्यांच्या कार्डावर दोन वर्षांत फेडू. सध्या सामान भाड्याने घेतो. दोघांचे दिवसाला ८० डॉलर होतात आणि वर्षातून सहा दिवस डायव्हिंग होतं.

उत्तर: भाव सगळीकडे सारखा दिसतो, कारण तो कंपनीने बांधून दिलेला असतो. अमेरिकेत याला ‘मॅप’ म्हणतात, म्हणजे किमान जाहिरात किंमत. अधिकृत विक्रेत्याने त्याहून कमी आकडा वेबसाइटवर किंवा पत्रकात छापला, तर त्याचा माल बंद होऊ शकतो. आपल्या एमआरपीच्या हे बरोबर उलट आहे. एमआरपी ही वरची मर्यादा, दुकानदार तिच्याखाली हवा तेवढा उतरू शकतो. मॅप खालून अडवते, पण फक्त जाहिरातीत. काउंटरवर तुम्हाला किती भाव लावायचा हे बऱ्याचदा दुकानदाराच्या हातात असतं.

काही कंपन्या मात्र विक्रीची किंमतच बांधतात. १९१९ च्या कोलगेट खटल्यापासून उत्पादकाला तिथे एकतर्फी धोरण जाहीर करून ते न पाळणाऱ्याला माल नाकारता येतो. २००७ च्या लीजिन खटल्यात वाद होता तो टेक्सासमधल्याच एका दुकानाने सवलतीत विकलेल्या चामडी वस्तूंचा. किमान विक्री किमतीचा करार आपोआप बेकायदा ठरत नाही, त्याचा बाजारावर होणारा परिणाम तपासा, असं सुप्रीम कोर्टाने त्यात ५ विरुद्ध ४ मतांनी ठरवलं. (भारतात डीलरांच्या सवलतींवर लगाम घातला म्हणून स्पर्धा आयोगाने २०२१ मध्ये मारुती सुझुकीला २०० कोटींचा दंड ठोठावला होता.) कंपन्यांचं म्हणणं असं, की शिकवणं, सिलिंडर भरून देणं, दुरुस्ती हे सगळं दुकान करतं आणि गिऱ्हाईक तिथे बीसीडी अंगावर चढवून बघून घरी जाऊन स्वस्तात मागवतं. रेग्युलेटर-बीसीडीच्या बाबतीत मला हे पटतं. मास्कच्या पट्ट्यालाही तोच नियम लावतात, तेव्हा नाही पटत.

आता त्या ५२० डॉलरकडे येऊ. असा माल बहुधा खोटा नसतो, दुसऱ्या देशासाठीच्या पुरवठ्यातून वळवलेला असतो. पण काही कंपन्या पहिल्या मालकाला रेग्युलेटरच्या सर्व्हिसिंगचे सुटे भाग आयुष्यभर फुकट देतात. अट अशी, की खरेदी अधिकृत दुकानातली हवी आणि सर्व्हिसिंगही तिथेच वेळेवर व्हायला हवं. मजुरी तुमची. ही सोय सोडून दिलीत तर बचतीतला काही भाग पुढच्या काही वर्षांत परत जातो. तुमच्या मॉडेलला ही सोय आहे का, ते आधी विचारून घ्या.

मला खरी काळजी कार्डाची वाटते. ४,२०० डॉलर २४ टक्क्यांनी २४ हप्त्यांत फेडले, तर महिन्याला सुमारे २२२ डॉलर जातील आणि एकूण व्याज ११३० च्या आसपास होईल. ज्या सवलतीसाठी एवढी शोधाशोध केलीत, तिच्या दुपटीहून जास्त. ते जाऊ द्या, रोख घेतलं तरी हिशेब बसत नाही. भाडं वर्षाला ४८० डॉलर. स्वतःचा सेट असला की दोघांच्या सर्व्हिसिंगचे वर्षाला २०० धरा. म्हणजे वाचतात २८०, आणि ४,२०० वसूल व्हायला लागतात १५ वर्षं. नोकरी गेली तर एच-१बीवर साधारण ६० दिवसांची मुदत मिळते, तेव्हा पंधरा वर्षांचे बेत जपूनच करावेत. भारतात परतलात तर अमेरिकेतल्या वॉरंटीचा उपयोग किती, हाही प्रश्न आहेच.

म्हणून सध्या दोन मास्क आणि दोन साधे मनगटी कॉम्प्युटर घ्या, तेही रोखीने. मास्क चेहऱ्याला बसावा लागतो. कॉम्प्युटर स्वतःचा असला की आधीच्या डाइव्हची नोंद त्यातच राहते आणि भाड्याच्या सामानात तो दरवेळी वेगळा पडत नाही. रेग्युलेटर-बीसीडीसाठी महिन्याला १५० डॉलर वेगळे टाका. वर्षाला डायव्हिंगचे पंधरा-वीस दिवस होऊ लागले तर तेव्हा बघू.

खरेदीला याच दुकानात जा, पण फोन किंवा ईमेल नको, स्वतः जा. आधी विचारा, की मागच्या वर्षीचं किंवा बंद झालेलं मॉडेल आहे का. अशा मालावरची मॅप बऱ्याचदा उठवलेली असते. नवी मॉडेल्स मांडणारं डेमा शो हे व्यापारी प्रदर्शन नोव्हेंबरच्या सुमारास भरतं, आणि त्याच सुमारास थँक्सगिव्हिंगची सवलत कंपन्या स्वतःच जाहीर करतात. दुकानदार किंमत उतरवायला तयार नसेल, तर पहिल्या सर्व्हिसिंगची मजुरी, सिलिंडर भरण्याचं कार्ड किंवा पुढच्या कोर्सच्या फीत सूट मागा. त्यावर कंपनीचं बंधन सहसा नसतं.