आधी विचार, मग कोपर दे

तुझा मेसेज दोनदा वाचला. रस्ता ओलांडताना त्या अंध गृहस्थांनी सगळ्यांसमोर तुझा हात झटकला आणि तेव्हापासून तू म्हणतेयस की अंधांना मदत करायचं हे काम आपल्याला जमणार नाही. लागलं तुला, कळतंय मला. पण ट्रॅफिक किती होतं इथपर्यंत सगळं लिहिलंयस, हात धरायच्या आधी विचारलंस का ते मात्र कुठेच नाही.

विचारायचं गं. "मदत हवीये का?" एवढंच, आणि नको म्हणाले तर नको. हो म्हणाले तरी आपण त्यांना धरायचं नाही, आपलं कोपर पुढे करायचं, ते कोपराच्या जरा वर धरतात आणि अर्धं पाऊल मागे चालतात, मग तू वळलीस, थांबलीस, पायरी उतरलीस की तुझ्या हालचालीवरून त्यांना आपोआप कळतं. तू तर काठीचाच हात धरलास, म्हणजे पुढे खड्डा आहे की पायरी हे ज्यातून कळतं तेच बंद केलंस.

मी तुला बोलतोय खरा, पण मी यापेक्षा वाईट वागलोय. एका अंध बाईंकडे वाचून दाखवायला जायचो, एकट्या राहायच्या. एकदा त्या फोनवर होत्या तेवढ्यात मी त्यांचे डबे पुसून उंचीप्रमाणे लावून ठेवले, झाकणांना रबरबँड होते, साखरेला एक, मिठाला दोन, मला वाटलं कचरा, काढून टाकले. नंतर त्या एकेक डबा उघडून वास घेत उभ्या होत्या आणि मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. ते आजही खुपतं. मनात वाईट नव्हतं माझ्या, कुणी शिकवलंही नव्हतं, नोकरी सांभाळून जायचो, हे सगळं खरंय. पण विचारलं नव्हतं हेही खरंच.

आणि हे आपलंच नाही. ब्रेलच्या आधी डोळसांनी अंधांसाठी पुस्तकं केली ती आपलीच अक्षरं कागदावर उठवून, डोळ्याला ओळखीची म्हणून, बोटाला काय सोपं ते विचारलंच नाही. लुई ब्रेलने १८२४ मध्ये, पंधराव्या वर्षी, टिंबांची लिपी केली, स्वतः अंध होता म्हणून बोटाचं त्याला माहीत होतं. त्याच्याच शाळेने ती रीतसर स्वीकारली १८५४ मध्ये, तो जाऊन दोन वर्षं झाल्यावर. तीस वर्षं गं!

आता कुणा अंध माणसासोबत असताना काउंटरवर कुणी माझ्याकडे बघून "यांना काय पाहिजे?" म्हणालं की मी तोंड उघडत नाही, त्यांनाच विचारा म्हणतो आणि गप्प उभा राहतो. रांगेतली माणसं वैतागतात, मला हट्टी म्हणतात, म्हणू देत, मी बरोबरच करतोय.

अजून एक, पांढरी काठी हातात आणि डोळ्याशी धरून मोबाइल वाचणारा माणूस नाटक करत नसतो, बऱ्याच जणांना थोडंफार दिसतं, कुणाला समोरचं, कुणाला फक्त कडेचं. किती दिसतं हे तू ठरवू नकोस. तेही विचार.

गुरुवारी ये, ते गृहस्थही येणारेत. जवळ गेल्यावर आधी तुझं नाव सांग, "ओळखा पाहू" करू नकोस. आणि निघताना "मी निघते" म्हणून निघ, नाहीतर तू गेल्यावरही ते तुझ्याशी बोलत बसतील.