हळदीच्या तेलाने स्टेम सेल्स खरंच वाढतात का? एम.एस्सी.च्या प्रोजेक्टमध्ये हे कसं तपासू?

थोडक्यात सांगायचं तर तेलातल्या एका घटकाबद्दल आणि एका जातीच्या पेशींबद्दल, हो. 2014 मध्ये जर्मनीतल्या युलिशच्या संशोधकांना आर-टर्मेरोन या घटकामुळे रॅटच्या न्यूरल, म्हणजे मेंदूतल्या, स्टेम सेल्सची (मूळ पेशींची) वाढ झालेली दिसली. पण त्यांनी शुद्ध घटक वापरला होता, आणि तोही थेट पेशींवर किंवा मेंदूत टोचून. तेव्हा 'तेल चोळा, स्टेम सेल्स वाढवा' म्हणून बाटली विकणाऱ्याच्या नादी लागू नका.

तुम्ही सांगलीत आहात, तर मार्केट यार्डातून तयार पूड न आणता हळकुंडं आणा. दळलेल्या हळदीतलं तेल हळूहळू उडून जातं. भरड करून क्लेव्हेंजरवर (वाफेने तेल काढायच्या काचेच्या उपकरणावर) तीन-चार तास ऊर्ध्वपातन करा. कर्क्युमिन (हळदीतला पिवळा घटक) वाफेबरोबर येत नाही, त्यामुळे तेलाचा परिणाम कर्क्युमिनच्या नावावर मांडू नका. पाल्याचं तेल घटकांनीच वेगळं असतं, ते यात मिसळू नका. तेल निर्जल सोडियम सल्फेटवर कोरडं करून गडद बाटलीत फ्रिजमध्ये ठेवा आणि प्रत्येक बॅचचं जीसी-एमएस (तेलात कोणते घटक किती आहेत याची तपासणी) करून घ्या.

खरी गडबड होते ती पेशींना तेल देताना. तेल मीडियात (पेशी वाढवायच्या द्रवात) विरघळत नाही, थेंब वर तरंगतो. म्हणून 50 मिलिग्रॅम तेल वजन करून डीएमएसओ या द्रावकात घ्या, एकूण 1 मिलि करा. पुढची निम्मी-निम्मी सौम्य द्रावणंही डीएमएसओतच करा. मग प्रत्येकातलं 1 मायक्रोलिटर 1 मिलि मीडियात घाला. असं केलं की मात्रा 50, 25, 12.5 मायक्रोग्रॅम प्रति मिलि अशा उतरत जातात, पण डीएमएसओ सगळीकडे 0.1 टक्काच राहतो. कंट्रोललाही (तेल न दिलेल्या पेशींनाही) तेवढाच डीएमएसओ द्या. स्टॉकसाठी (मूळ द्रावणासाठी) पॉलिस्टायरीनच्या नळ्या नकोत, तेल त्या खातं. काच किंवा पॉलिप्रॉपिलीन घ्या. गाळायचं असेल तर सेल्युलोज नायट्रेटचा फिल्टर डीएमएसओत विरघळतो हे लक्षात असू द्या.

तेलाची वाफ शेजारच्या वेलमध्येही (प्लेटमधल्या खळग्यातही) जाते. 96 वेलच्या एकाच प्लेटमध्ये मोठी मात्रा आणि कंट्रोल शेजारी ठेवले, तर कंट्रोलच्या पेशीही आजारी दिसतात आणि फरक पुसला जातो. दोन्हींसाठी प्लेटच वेगळ्या ठेवा.

एमटीटीच्या (जिवंत पेशी ज्याला जांभळं करतात त्या रंगद्रव्याच्या चाचणीच्या) आकड्यावर एकट्यावर विसंबू नका. तेलातले काही घटक पेशी नसतानाही एमटीटीला जांभळं करू शकतात आणि मेलेली प्लेट 'वाढलेली' दिसते. पेशींविना फक्त मीडिया, तेल आणि एमटीटी असे वेल प्रत्येक मात्रेसाठी ठेवा, त्यांचं 570 नॅनोमीटरचं रीडिंग वजा करा. शिवाय 24, 48 आणि 72 तासांनी ट्रिप्सिनने पेशी सोडवून ट्रायपॅन ब्लूने (मेलेल्या पेशी निळ्या करणाऱ्या रंगाने) मोजा.

संख्या वाढली तरी त्या स्टेम सेल्सच राहिल्यात का, हे उरतंच. मेसेनकायमल (हाड, चरबी बनवू शकणाऱ्या) स्टेम सेल्स घेतल्या असतील तर तिसऱ्या ते पाचव्या पॅसेजमधल्याच (नव्या भांड्यात तीन ते पाच वेळा हलवलेल्याच) घ्या. तेल दिल्यानंतर पेशींवर सीडी73, सीडी90, सीडी105 ही ओळखीची प्रथिनं आहेत आणि सीडी34, सीडी45 नाहीत हे फ्लो सायटोमेट्रीवर (एकेक पेशी तपासणाऱ्या यंत्रावर) बघा. नंतर पेशी हाडाकडे वळवून अॅलिझारिन रेड हा रंग लावा, चरबीकडे वळवून ऑइल रेड ओ. फ्लोची सोय नसेल तर प्रोजेक्टच्या शीर्षकात 'वाढ' एवढंच लिहा, 'स्टेमनेस' (स्टेम सेल्सपणा टिकणं) लिहू नका.